पाच मिनिटं सांभाळणारी माणसं

लेकीच्या आजाराबद्दल कळलं की लोक मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "हे तुमच्याकडून आलं की सासरकडून?" आणि दुसरा, "मग तू अजून नोकरी करतेस?" पहिल्याचं उत्तर विज्ञानाने दिलेलं आहे, ते लवकर सांगून होईल. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका वाक्यात बसत नाही.

माझ्या आठ वर्षांच्या लेकीला ड्राव्हे सिंड्रोम आहे. मिरगीचा, म्हणजे आपण ज्याला फिट येणं किंवा आकडी म्हणतो त्याचा, हा एक दुर्मीळ प्रकार. शार्लट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टर बाईंनी १९७८ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. साधारण १५ ते २० हजार बाळांमागे एकाला तो होतो. मेंदूच्या पेशींना सोडियम आत घेणारी अतिसूक्ष्म दारं असतात. त्यातलं एक दार कसं घडवायचं हे एससीएन-वन-ए नावाच्या जनुकात लिहिलेलं असतं आणि बहुतेक ड्राव्हे मुलांमध्ये याच जनुकात बिघाड असतो, हे २००१ मध्ये समजलं. हे दार मेंदूला 'आता शांत हो' असं सांगणाऱ्या पेशींना फार गरजेचं. त्यांचंच काम मंदावलं की ब्रेक नसलेल्या गाडीसारखी गत होते. आणि मुख्य म्हणजे हा बिघाड बहुतेक वेळा बाळात नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांत नसतो. आम्हा दोघांची तपासणी झाली आहे. तेव्हा हे ना नांदेडहून आलं, ना लातूरहून.

सुरुवात झाली तेव्हा माझी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपायला आठ दिवस उरले होते. सहाव्या महिन्याची लस झाली, संध्याकाळी ताप आला आणि रात्री उजवा हात, मग उजवा पाय झटके देऊ लागला. ते पाऊण तास चाललं. डॉक्टर म्हणाले, तापातली फिट आहे, बऱ्याच मुलांना येते. ते खरंही आहे. पण साधी तापातली फिट बहुधा काही मिनिटांत थांबते, एका बाजूला धरून पाऊण तास चालत नाही. त्या वेळी एमआरआय आणि ईईजी दोन्ही स्वच्छ आले. ड्राव्हेमध्ये पहिल्या वर्षात ते स्वच्छच येतात, म्हणून निदान लांबतं.

लसीमुळेच झालं, असं माहेरी-सासरी दोन्हीकडे ठरून गेलं होतं. तरुण वाचकांपैकी अनेकांची मुलं लहान आहेत, म्हणून इथे थोडं थांबते. २००६ साली ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लसीमुळे मेंदूला इजा झाली' असं मानल्या गेलेल्या १४ जणांचे जनुक तपासले. त्यातल्या ११ जणांमध्ये एससीएन-वन-ए मधला बिघाड सापडला. म्हणजे आजार आधीच होता. लसीनंतरच्या तापाने तो फक्त थोडा आधी दिसला, नाहीतर पुढच्या सर्दीतापाने दिसला असता. आमच्या लेकीच्या पुढच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने, ताप सांभाळून, सगळ्या झाल्या.

चौदाव्या महिन्यात जनुकाची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं. नाव मिळाल्याने काय होतं, असं वाटेल. खूप होतं. मिरगीची काही नेहमीची औषधं, जसं कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन, हीच सोडियमची दारं आणखी बंद करतात. इतर रुग्णांना ती वरदान आहेत, ड्राव्हेच्या मुलांना मात्र त्यांनी फिट वाढू शकतात. तिलाही याच जातीचं एक औषध चालू होतं. निदानच नव्हतं, तर देणाऱ्याला दोष कसा देणार? ते बंद झालं, व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझॅम सुरू झालं आणि महिन्याला वीस-बावीसवर गेलेल्या फिट आठ-नऊवर आल्या. पूर्ण थांबल्या नाहीत. या आजारात त्या पूर्ण थांबणं फार कमी मुलांच्या वाट्याला येतं.

आता दुसरा प्रश्न, नोकरीचा.

फिटचं सगळं गणित पाच मिनिटांचं आहे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, गळ्याभोवतीचं सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी काहीही होत नाही, फक्त वेळ जातो. फिट पाच मिनिटांवर गेली की ती स्वतःहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध द्यायचं. आमच्याकडे ते मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा आहे. तरीही थांबली नाही तर १०८. (ही १०८ सेवा २००५ च्या १५ ऑगस्टला आपल्या हैदराबादेतच सुरू झाली, हे अनेकांना ठाऊक नसतं.)

हे सगळं शिकायला अर्धा तास पुरतो. पण ते येणारा माणूस चोवीस तास लेकीपासून हाकेच्या अंतरावर हवा. पहिल्या वर्षी असा माणूस घरात एकच होता, तो म्हणजे मी. म्हणून मी अंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करायची. नोकरीचा प्रश्न लोक माझ्या जिद्दीचा नाहीतर ममतेचा करून टाकतात. मला विचाराल तर तो मोजणीचा आहे. पाच मिनिटं सांभाळू शकणारी माणसं किती, यावर माझी नोकरी राहणार की जाणार हे ठरत होतं.

दुसरा माणूस नवरा. तो सुरुवातीला घाबरायचा आणि घाबरणं त्याने लपवलं नाही, म्हणून लवकर शिकला. तिसऱ्या सासूबाई. त्या नांदेडला शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त होऊन आमच्याकडे कोंडापूरला राहायला आल्या. फवाऱ्याला हात लावायला त्या तयार नव्हत्या. "उलटं व्हायचं काहीतरी माझ्या हातून," म्हणायच्या. आम्ही संपलेला फवारा पाण्याने भरून दिला आणि त्यांनी पंधरा दिवस नातीच्या बाहुलीवर सराव केला. त्यानंतर मात्र नोंदवही त्यांनी ताब्यात घेतली. तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणती बाजू, अंगात ताप किती, आदल्या रात्रीची झोप किती, असे रकाने आखलेली दोनशे पानी वही. आकडे मराठी. आमचे डॉक्टर तेलुगू, पण दर तीन महिन्यांनी ती वही वाचून वाचून त्यांना मराठी आकडे येऊ लागले आहेत. औषध बदलल्यावर खरंच फरक पडला की आपल्याला तसं वाटतंय, हे त्या वहीमुळेच कळतं.

चौथ्या अक्का. दिवसभर लेकीला सांभाळायला येतात, महबूबनगरकडच्या आहेत. त्यांना कामावर ठेवताना एक गंमत झाली. 'मूर्छ' हा शब्द तेलुगूत सरळ मिरगीसाठी वापरतात आणि आपल्या मराठीत मूर्च्छा म्हणजे नुसती शुद्ध हरपणं. मी हिंदी-तेलुगूची खिचडी करून समजावत होते की मुलीला मूर्च्छा येत नाही, झटके येतात, जागेपणीही येतात. त्या म्हणत होत्या, अहो मग मूर्छच की! शेवटी त्यांनीच मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, "हेच ना?" त्यांच्या भाच्याला होती. आमच्या फ्रिजवरचा कागद त्यामुळे तीन भाषांत आहे. मराठीत सासूबाईंसाठी, इंग्रजीत रुग्णवाहिकेतल्या लोकांसाठी आणि तेलुगूत, 'नोट्लो एमी पेट्टोद्दु', म्हणजे तोंडात काही घालू नका. तेलुगू अक्षरं अक्कांच्या मुलीने लिहून दिली.

"सोडून दे ना नोकरी, पैशाला काय कमी आहे?" असं म्हणणाऱ्यांना हिशेब माहीत नसतो. औषधं, फिजिओथेरपी, वाचा-उपचार, अक्कांचा पगार, मधूनमधून रुग्णालयात भरती. माझ्या पगारातला निम्म्याहून जास्त भाग इथे जातो. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. स्वतंत्र आरोग्य विमा काढायला गेलं की आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, शिवाय असं मूल म्हटल्यावर पॉलिसी मिळेल याचीच खात्री नसते. कंपनीच्या गटविम्यात माझी लेक पहिल्या दिवसापासून धरलेली आहे. मी राजीनामा दिला की तो विमाही संपतो. नवऱ्याच्या कामात असा विमा नाही. म्हणजे ज्या कारणासाठी लोक मला नोकरी सोडायला सांगतात, त्याच कारणासाठी मला ती धरून ठेवावी लागते.

आणि हो, मला माझं काम आवडतं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम आहे. तिथे चूक सापडली की ती दुरुस्त होते. दिवसातले आठ तास अशा जगात घालवायला मिळणं हे माझ्यासाठी औषधच आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

किंमत मोजावी लागली, तीही सांगते. मी ज्या वाटेवर होते तिथे रात्री अमेरिकेशी बैठका, ग्राहकाचा फोन आला की कधीही हजर, असं चालायचं. ते सोडून मी चाचण्यांच्या विभागात गेले, जिथे काम किती हे आठवड्याच्या सुरुवातीला कळतं. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं आज माझ्या वरच्या पदावर आहेत. आधीच्या एका ठिकाणी वरिष्ठांनी 'दर महिन्याला काहीतरी असतंच तुमचं' असं सर्वांसमोर ऐकवलं होतं. ती कंपनी मी सोडली. आताच्या टीमला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं: माझा फोन बैठकीतही टेबलावर चालू राहील, तो वाजला तर मी न सांगता उठेन, आणि त्या आठवड्याचं काम मी त्या आठवड्यात पूर्ण करीन. तीन दिवस घरून काम, दोन दिवस गचिबौलीला. सहानुभूती मागण्यापेक्षा नियम सांगितलेले लोकांना सोपे जातात, असा माझा अनुभव आहे.

कायद्याकडे बघितलं तर चित्र अर्धवट आहे. केंद्र सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा पूर्ण सेवेत ७३० दिवस मिळते आणि मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयात शिकवणाऱ्या शालिनी धर्माणी यांच्या मुलाला हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार होता. त्यांच्या साऱ्या रजा मुलाच्या उपचारात संपल्या आणि राज्याने बालसंगोपन रजेचा नियमच स्वीकारला नसल्याने ती त्यांना नाकारली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २२ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही कुणी दिलेली सवलत नाही, तो राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, आणि दिव्यांग मुलांच्या आयांचा विचार करून धोरण तपासा. हा निकाल मी छापून ठेवला आहे. पण मी खासगी कंपनीत. तिथे २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं असंही आलं, आणि त्यापुढे सगळं वरिष्ठांच्या मर्जीवर. पाळणाघराची गोष्ट तर विचारूच नका. एका पाळणाघराने 'इतर पालक घाबरतील' म्हणून दुसऱ्या दिवशी लेकीला परत पाठवलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मिरगीचं स्वतंत्र नाव नाही. आमच्या लेकीला प्रमाणपत्र मिळालं ते बौद्धिक वाढ मागे असल्याबद्दल. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी ते जरूर काढावं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत पात्र दिव्यांगांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च येतो. जुन्या करपद्धतीत कलम ८०-डीडी खाली ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १ लाख २५ हजारांची वजावट आहे. आणि सिकंदराबादला मनोविकासनगरमध्ये १९८४ पासूनची राष्ट्रीय संस्था आहे, बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या सक्षमीकरणासाठीची, निपिड म्हणतात तिला. देशभरातून लोक तिथे येतात. आपल्याला ती शहर बसने गाठता येते.

आता त्या रात्रीबद्दल, जिच्यानंतर मी नोकरीचा प्रश्न मनातून काढून टाकला.

लेक पाच वर्षांची असताना ऑफिसच्या कामासाठी मी दोन दिवस बेंगळुरूला गेले. घरापासून दूर ही पहिलीच रात्र. अकराला फोन आला. सर्दीचा ताप, फिट, पाच मिनिटं झाली, फवारा दिला, थांबत नाही. मग फोन बंद. नंतरचा दीड तास मी हॉटेलच्या खोलीत कसा काढला हे लिहिण्यासारखं नाही. तिकडे काय झालं ते नंतर कळलं. १०८ आली, जवळच्या रुग्णालयात नेलं. आपत्कालीन कक्षातल्या तरुण डॉक्टरांनी लांबलेल्या फिटसाठी नेहमी देतात ते फेनिटोइन मागवलं. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. सासूबाईंनी पिशवीतला कागद काढून त्यांच्यासमोर धरला. आमच्या डॉक्टरांच्या सहीचं ते पत्र आहे, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं: आजाराचं नाव, चालू औषधं, कोणती औषधं द्यायची नाहीत, त्याऐवजी काय द्यायचं आणि त्यांचा फोन नंबर. सासूबाईंना इंग्रजी फाडफाड बोलता येत नाही. त्या फक्त म्हणत राहिल्या, "नो फेनिटोइन. रीड. प्लीज रीड." त्या तरुण डॉक्टरांचं मोठेपण हे की त्यांनी रागावण्याऐवजी कागद वाचला, फोन लावला आणि औषध बदललं. साडेबाराला नवऱ्याचा मेसेज आला, 'थांबली. झोपली आहे.'

मी तिथे असते तर वेगळं काय केलं असतं? हेच केलं असतं.

दुर्मीळ आजार असलेल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात असं पत्र हवं. आपल्या मुलाचा आजार समोरच्या डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिलेला असण्याची शक्यता मोठी असते.

तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला कीटोजेनिक आहारावर ठेवलं होतं. आजकाल वजन कमी करायला लोक 'कीटो' करतात, त्याचा हा थोरला भाऊ. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तो मिरगीसाठीच सुचवला गेला. शरीराला साखर जवळजवळ द्यायचीच नाही, चरबीवर चालवायचं. आमचं प्रमाण होतं प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, तर त्यामागे ३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ. पोळी बंद, भात बंद, साबुदाणा तर नावही काढायचं नाही. बदामाच्या पिठाची धिरडी, खोबरेल तेल, साय, अंडं, पनीर, आणि सगळं काट्यावर तोलून. खोकल्याच्या औषधातही साखर असते, म्हणून गोळी कुटून द्यायची. दोन वर्षं सासूबाईंनी हे केलं. दर ताटाचं त्रैराशिक त्या आदल्या रात्री मांडून ठेवायच्या. फिट निम्म्यावर आल्या. सर्वात अवघड गेला तो प्रसाद. आपल्याकडे प्रेम दाखवायचं म्हणजे हातावर काहीतरी गोड ठेवायचं. "एवढ्याशा पेढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्या प्रत्येकीला थांबवणं म्हणजे वाईटपणा घेणं. तो मी घेतला. हा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीशिवाय कुणी करू नये, रक्ताच्या तपासण्या सतत कराव्या लागतात.

हैदराबादचा मे महिना हा आमचा वेगळा शत्रू. ड्राव्हेमध्ये ताप तर नकोच, पण अंग नुसतं तापलं तरी फिट येऊ शकते. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं नळाचं पाणी हातालाही सोसवत नाही. त्यामुळे तिची अंघोळ सकाळी सहाला, कोमट पाण्याने. दुपारी बाहेर जायचं नाही, इन्व्हर्टर भरलेला, ओला पंचा तयार.

रात्रीचं मात्र अजून जमवता आलेलं नाही. या आजारात झोपेत अचानक जीव जाण्याचा धोका इतर मिरगीपेक्षा जास्त असतो. डॉक्टर हे हळू आवाजात सांगतात, पण सांगतात. लेक आमच्या मध्ये झोपते, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र असतं. एक वाजेपर्यंत नवरा जागा, नंतर मी. यंत्र चुकूनही वाजतं, वाजलं की दोघंही उठतो. सकाळच्या नऊच्या बैठकीत मी कॅमेरा बंद ठेवते, त्याचं कारण हे आहे. नवऱ्याला लोक म्हणतात, "बायकोला किती मदत करता हो!" तो म्हणतो, "मुलगी माझीही आहे." मला असं कुणी कधी म्हणालेलं नाही.

मिरगी लपवायची आपली जुनी सवय आहे, आणि तिला कारणंही होती. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी ही लग्नाच्या आड येणारी बाब होती. त्या वर्षी ती काढली. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, ज्यांनी स्वतः लहानपणापासून हा त्रास सोसला, 'संवेदना' हा मदतगट उभा केला, मिरगी असलेल्यांची लग्नं जुळवण्याचं कामही केलं. त्या अनिल अवचटांच्या कन्या. मराठीत या विषयावर मोकळेपणाने बोलता येतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आम्ही लपवलं नाही. इमारतीच्या ग्रुपवर लिहून टाकलं. त्यातून वॉचमन आणि तळमजल्यावरच्या शेजारीण काकू, असे दोघे वाढले. शाळेतल्या दोन शिक्षिका शिकल्या. विशेष मुलांच्या त्या शाळेत ती रोज तीन तास जाते.

आणि मंडळाचा गणपती. दोन वर्षांपूर्वी मी कार्यक्रमाच्या मुलांना एवढंच विचारलं होतं की स्टेजवरचे उघडझाप करणारे दिवे नसतील ना, तिला चालत नाहीत. त्यांनी दिवे काढले. पुढे कॉलेजात जाणारी एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काकू, पण तिला इथे फिट आली तर आम्ही काय करायचं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारला. आरतीनंतर पाच-सहा जणांना सतरंजीवरच सगळं दाखवलं. कुशीवर वळवण्याचा सराव त्यांनी एकमेकांवर केला, हसत हसत केला, पण केला.

दर जानेवारीत अक्का संक्रांतीला दहा दिवस गावी जातात. तेलुगू घरात हा सण म्हणजे आपली दिवाळी, त्यांना अडवणं बरोबर नाही. हे दहा दिवस मला पूर्वी रजा टाकावी लागायची आणि वर्षाची निम्मी रजा जानेवारीतच संपायची. या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याही बसूनच. मंडळातली तीच मुलगी अभ्यासाची वह्या-पुस्तकं घेऊन रोज दुपारी आमच्याकडे येऊन बसली. दहा दिवसांत तीन फिट आल्या, तिन्ही तीन मिनिटांच्या आत थांबल्या, फवारा लागला नाही. वहीत त्या तीन ओळी तिच्या अक्षरात आहेत. शेवटच्या रकान्यापुढे तिने स्वतःहून एक रकाना वाढवला आहे, 'नंतर काय केलं'. तिसऱ्या फिटसमोर लिहिलंय, 'अर्धा तास झोपली. उठल्यावर चिंचेची चटणी मागितली.'